छापायची ओळच नव्हती

मालवणात रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या, माणसांना घड्याळापेक्षा पाणी आधी कळतं, तरी शेजारचे काका रोज संध्याकाळी विचारतात, "उद्या भरती कधी लागतली गो?" त्यांच्यासाठी मी भरतीचं गणित करणारा छोटा प्रोग्राम सी या संगणकाच्या भाषेत लिहायला घेतला. मी बारावीला गणित शिकवते, प्रोग्रामिंग हा रात्रीचा उद्योग.

भरती म्हणजे अनेक लाटांची बेरीज. चंद्राची मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ तासांची. दोघी एकत्र आल्या की उधाण, एकमेकींना खोडू लागल्या की भांग, म्हणजे लहान भरती. गणितात प्रत्येक लाट म्हणजे एक कोसाइन. मी अशा चार लाटा घेतल्या आणि वेग बघायला शंभर वर्षांतल्या प्रत्येक मिनिटाची उंची काढायला लावली, म्हणजे २१ कोटी कोसाइन. सात सेकंद लागले. मग जीसीसीला, म्हणजे माझा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरला, ऑप्टिमायझेशनचा (कोड वेगवान करण्याचा) दुसरा स्तर दिला. वेळ शून्य!

लॅपटॉप बिघडला असं वाटलं. तासाभराने उलगडलं: मी उंची काढत होते, पण छापायची ओळच लिहिली नव्हती. जे उत्तर कुणी वापरत नाही त्याचं गणित कंपायलरने सरळ वगळलं होतं. ती ओळ घातल्यावर सेकंद परत आले. अंशांचं रेडियन करणारा, दर वेळी तेच उत्तर देणारा गुणाकार मी लूपमध्येच, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागातच, ठेवला होता. तयार झालेला असेंब्ली कोड (यंत्राच्या सूचनांची यादी) उघडून पाहिला, तर कंपायलरने तो उचलून लूपच्या बाहेर नेऊन ठेवला होता.

कंपायलरने करायच्या असल्या रूपांतरांची यादी फ्रान्सिस अॅलन आणि जॉन कॉक यांनी १९७१मध्येच मांडली. अॅलन मूळच्या गणिताच्या शिक्षिका. शिक्षणाचं कर्ज फेडायला म्हणून १९५७मध्ये आयबीएममध्ये गेल्या, काम तिथल्या शास्त्रज्ञांना फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवण्याचं. कर्ज फिटलं की परत शाळेत जायचं असा बेत होता, पण त्या तिथेच राहिल्या. २००६चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, त्यांना मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

पण मला सगळ्यात जास्त भावली ती कंपायलरने न केलेली गोष्ट. सरासरी पातळीसाठी सगळ्या उंचींची बेरीज हवी होती. चार-चार आकडे एकदम उचलले असते तर ती पटकन झाली असती. त्याने तसं केलं नाही. कारण दशांशांची बेरीज यंत्रात क्रमावर अवलंबून असते: ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवा, उत्तर ०.६००००००००००००००१ येतं; ०.२ आणि ०.३ आधी मिळवून मग ०.१ मिळवा, तर ०.६. क्रम बदलला तर माझं उत्तर बदलेल, आणि तो हक्क मी त्याला दिलेला नव्हता.

'फास्ट-मॅथ' हा पर्याय देऊन तो हक्क देता येतो. दिला. बेरीज झटकन झाली, शेवटचे दोन अंक वेगळे आले. मिलिमीटरच्या कितीतरी खालचा फरक, काकांच्या जाळ्याला त्याचं काय? तरी मी तो पर्याय काढून टाकला. काकांना सांगायची वेळ मला माझ्याच गणितातून हवी आहे.