वॅटचं यंत्र आणि बाबा

दिवाळीत नागपूरला आलो, तर फराळाचं ताट पुढ्यात ठेवून बाबांनी विचारलं, "तुझ्या युनिव्हर्सिटीत पाहण्यासारखं काय आहे?"

बाबांचा जन्म गेला कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये. सहायक होते. गॅल्व्हानोमीटर बिघडला की डबा बाजूला ठेवून डाख द्यायला बसायचे.

मी आधी व्यवस्था सांगितली. मी शिकतो ते स्कॉटलंडमधलं ग्लासगो विद्यापीठ 1451 चं. तिथं कॉलेज या शब्दाचा अर्थच वेगळा. आपल्याकडे वर्धा, भंडारा, गोंदियापर्यंतची कॉलेजं नागपूर विद्यापीठाला संलग्न. तिथं विद्यापीठाच्या पोटातच चार कॉलेजं, आपल्या विद्याशाखांसारखी. लायब्ररी बारा मजली. बाबांनी नुसती मान हलवली.

मग विद्यापीठाचं हंटेरियन संग्रहालय सांगितलं. विल्यम हंटर या डॉक्टरांनी आपला संग्रह विद्यापीठाला दिला आणि 1807 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आपल्या नागपूरचं संग्रहालय, अजब बंगला, 1863 चं. पण अजब बंगल्यात आपण शाळेच्या सहलीत जातो, नाहीतर पाहुणे आले की. हंटेरियन मुख्य इमारतीतच आहे, तिकीट नाही. दोन लेक्चरच्या मधे मोकळा वेळ मिळाला की मी पाठीवरच्या बॅगेसकट आत शिरतो. रस्त्यापलीकडे कलादालन आहे, त्यात व्हिसलरची चित्रं. पण माझे पाय वळतात एकाच काचेच्या पेटीकडे.

त्या पेटीत वाफेच्या यंत्राचं छोटं मॉडेल आहे. सिलिंडर जेमतेम दोन इंच व्यासाचा, वर आडवी दांडी. वर्गात मुलांना दाखवायचं मॉडेल ते, नीट चालेना. म्हणून 1763 च्या हिवाळ्यात दुरुस्तीला दिलं जेम्स वॅटकडे. वॅट ना प्राध्यापक, ना विद्यार्थी. विद्यापीठाची उपकरणं बनवणारा, दुरुस्त करणारा कारागीर.

फोनवरचा फोटो बाबांनी बोटांनी मोठा केला. "दोन-चार झटके देऊन बंद पडत असंल. वाफ पुरत नसंल."

अगदी तेच होत होतं. दर फेरीला सिलिंडर थंड पाण्यानं गार व्हायचा, पुन्हा तापवण्यातच बहुतेक वाफ खर्ची पडायची. वॅटनं पुढे, 1765 मध्ये, वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडायची युक्ती काढली. जगभरच्या गिरण्या त्यावर फिरल्या.

आपल्या कॉलेजांच्या कपाटांतही पितळी तराजू, जुने दूरदर्शक, हातानं फिरवायची यंत्रं आहेत. ती भंगारात जाऊ नयेत. व्हरांड्यात काचेचं कपाट केलं तरी पुरे, फक्त ती कुणी जपली तेही लिहून ठेवावं. हे मी बाबांशी तावातावानं बोललो.

बाबांचं लक्ष फोटोतच होतं.

"पाटीवर दुरुस्त करणाऱ्याचं नाव आहे?"

"आहे ना बाबा. म्हणून तर जपलंय."

ते बराच वेळ फोटो पाहत राहिले. मग म्हणाले, "उद्या बर्डीवर जाशील, तर याची प्रिंट काढून आण. मोठी काढ."