पाठमोरी माणसं

शनिवार, १० ऑगस्ट २०२४, रात्री साडेअकरा

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, विजय कदम गेले." मी तिथंच पायरीवर टेकलो. मराठी रंगभूमीवरचे आमचे विनोदी नट. मुंबईत, अंधेरीच्या घरी गेले. वय ६७, कॅन्सर. आजारी आहेत हे ऐकून होतो. तरी माणूस उठेल, पुन्हा उभा राहील असंच धरून चाललो होतो. आपण कुठल्या भरवशावर असं धरून चालतो कोण जाणे.

गुरुवारी रात्रीपासून जीव थाऱ्यावर नव्हताच. आमच्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना मी डोळ्यांनी बघितलंय. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवरून आधी आभाळाला नुसती लाली दिसली. खाली उतरून पळत गेलो तोवर खासबागेच्या बाजूनं, रंगमंचाच्या अंगाला, आगीचे लोळ उठत होते. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर. पुढं ज्यांचं नाव त्याला दिलं, त्या गायकनट केशवराव भोसल्यांची जयंती दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला. जयंतीला दोन तास उरले असताना त्यांचं नाट्यगृह आत कोसळत होतं आणि आम्ही बंबाच्या पाण्यात चपला भिजवत उभे होतो.

काल नागपंचमी. घरात चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मी उठून पुन्हा तिकडं गेलो. बरीच माणसं जमली होती. कुणी कलावंत, कुणी बॅकस्टेजवाले, कुणी माझ्यासारखे. मी सवयीनं सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. समोर नुसत्या पाठी. एकही हलत नव्हती. तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

सवय अशी लागली. आमचे मामा नाटकाचे प्रयोग घ्यायचे. मी तेव्हा कॉलेजात. सकाळी त्यांच्यासोबत प्लॅनवर बसायचं. पुढ्यात खुर्च्यांचा छापील तक्ता, हातात लाल-निळी पेन्सिल, तिकीट फाडलं की त्या नंबरावर फुली. कोपऱ्यातल्या खुर्च्यांवरसुद्धा फुली पडली की मामांच्या तोंडावर तेज यायचं. संध्याकाळी मी दाराला. तिसरी घंटा झाली, उशिरा आलेल्यांना बॅटरीच्या उजेडात बसवलं, की मागच्या दाराला टेकून उभं राहायचं. तिथून नट लांब दिसतो. जवळ दिसतात ती माणसं, तीही पाठमोरी.

त्यामुळं मी नाटकं निम्मी पाठींवर बघितली. गंभीर नाटकात पाठी हळूहळू ताठ होत जातात. विनोदी नाटकात आधी डोकी हलतात, मग खांदे. विजय कदमांच्या प्रयोगाला अख्खी रांग पुढं वाकायची, मग एकदम मागं यायची आणि खुर्च्या करकरायच्या. तो आवाज मला अजून ओळखता येईल.

'विच्छा माझी पुरी करा'चा प्रयोग आठवतो. वसंत सबनीसांचं लोकनाट्य. त्यातला हवालदार म्हणजे दादा कोंडके, हे १९६५ पासून लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तो हवालदार पुढं कदमांनी उभा केला. कोल्हापूर म्हणजे तमाशा कळणारं गाव. इथं बतावणीतला, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांतला, एक शब्द जरी खाली पडला तरी प्रेक्षकांतनं लगेच उत्तर येतं. "दादांचं बघितलंय आम्ही," असं मला दारातच ऐकवून आत जाणारे कितीतरी होते. आत जाऊन हाताची घडी घालून बसायचे. पाठमोऱ्या माणसानं घातलेली घडीसुद्धा कळते, दोन्हीकडून कोपरं बाहेर येतात. गण झाला, गवळण झाली, हवालदार आला. थोड्या वेळानं बघतो तर एकेक कोपर दिसेनासं झालेलं. घड्या सुटल्या होत्या. कुणी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारत होता, कुणी टोपीनं डोळे पुसत होता.

मला त्या रात्री त्यांच्यात दादा दिसले नाहीत. शोधायचीही गरज पडली नाही.

आणि ते थांबायचे. आज दिवसभर हेच डोक्यात आहे. हशा आला की घाबरा नट त्याच्यावरच पुढचं वाक्य टाकतो. ते वाक्य कुणाला ऐकू जात नाही, मग पुढची जागाही वाया जाते. कदमांना घाई नसायची. हशा वर चढू द्यायचे, उतरू द्यायचे, अगदी जिरत आला की मग पुढचा शब्द. तोवर चेहऱ्यावर काही न करता उभे. काही न करता उभं राहणं किती अवघड असतं, ते मागच्या दाराला उभं राहून मला कळलं. वही-पुस्तकातून कळलं नसतं.

बातम्यांत दुपारभर त्यांच्या मालिका आणि सिनेमे सांगत होते. बरोबरच आहे. पण पडद्यावर बघणाऱ्याला ते नायकाच्या शेजारचे वाटतील, आणि याचं मला फार वाईट वाटतं. तो भरलेल्या नाट्यगृहाचा माणूस होता. समोर माणसं असली की त्यांचं काम पूर्ण व्हायचं. अर्धं काम खुर्च्यांवर असायचं, ते कॅमेऱ्यात कसं येणार?

'टूरटूर' नाटकात त्यांच्यासोबत लक्ष्मीकांत बेर्डे होते. लक्ष्या १६ डिसेंबर २००४ ला गेला, त्याला वीस वर्षं होत आली. नट प्रदीप पटवर्धनांना जाऊन कालच दोन वर्षं झाली. ज्यांनी आमचं तरुणपण हसतं ठेवलं ती माणसं एकामागून एक उठून चाललीत. आणि आता ज्या दाराला टेकून मी त्यांना बघितलं ते दारही उरलंय की नाही ठाऊक नाही.

रात्री जेवण झाल्यावर मामांना फोन लावला. ते आता गारगोटीला असतात. ऐंशी ओलांडलीय, ऐकायला कमी येतं.

"मामा, विजय कदम गेले."

"कळलं रं. सकाळीच कळलं." मग बराच वेळ काही नाही. "आणि आपलं थेटर? मागचं दार हाय का शिल्लक?"

"माहीत नाही मामा. आत सोडत नाहीत."

"हं."

"जेवलात का?"

"न्हाई जेवू वाटलं." पुन्हा गप्प. मला वाटलं फोन ठेवतील. पण एकदम त्यांचा आवाज बदलला. "तुला आठवतंय का रं, तो हवालदार पयल्यांदा आत यायचा तवा..." आणि पुढं बोलताच येईना, त्यांना हसू आलं. आधी बारीक, मग खोकल्यात मिसळलेलं, मग मोकळं. एवढे मोठ्यानं हसलेले मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मधेच "आई गं" म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले.

मी फोन कानाला धरून गप्प थांबलो. घाई केली नाही.