बॉम्बे आर्ट सोसायटी: पदके आणि बंडखोर

मुंबईत १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीवर आरंभी हौशी इंग्रज चित्रकारांचा आणि त्यांच्याच अभिरुचीचा वरचष्मा होता; म्हणूनच १८९५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांना संस्थेचे सुवर्णपदक मिळाले, ही घटना मला केवळ एका चित्रकाराच्या गौरवापेक्षा मोठी वाटते. पुढे १९३७ साली हाच मान अमृता शेरगिल यांच्या तीन तरुणींच्या चित्राला लाभला. धुरंधरांचे काटेकोर वास्तवदर्शी रेखाटन आणि शेरगिल यांची सपाट, सघन रंगयोजना शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे चार दशकांत परीक्षकांची नजर किती बदलली हे ध्यानात येते.

१९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापून प्रस्थापित अभिरुचीविरुद्ध बंड पुकारले. गंमत अशी, की या बंडखोरांचे १९४९ सालचे प्रदर्शन भरले ते बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच दालनात. समूह काही वर्षांतच विखुरला. सोसायटीची वार्षिक प्रदर्शने मात्र त्यानंतरही भरत राहिली.