पाण्यात गुदमरलेली मोसंबी

सप्टेंबरच्या सलग पावसानंतर अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीच्या बागेवर पाहणीला गेलो होतो. उताराकडच्या खालच्या ओळी पार पिवळ्या. "साहेब, झाडं पिवळी पडायलेत म्हणून युरिया टाकला, तरी फरक नाही," बागवाले काका म्हणाले. वरच्या ओळींना खतही तेवढंच, ठिबकही तेच, आणि त्या हिरव्यागार. खत कमी पडलंय ही शंका तिथेच मिटली.

अशा वेळी आधी पानं बघावीत. नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह असं हलत नाही. इथे शेंड्याची कोवळी पानं पिवळी होती, शिरा तेवढ्या हिरव्या. म्हणजे लोहच. आपल्या काळ्या जमिनीत ते असतं, पण चुनखडीमुळे मुळीला लागत नाही. ढेकळावर सौम्य आम्लाचे थेंब सोडले तर माती फसफसली.

मग फांद्यांच्या घेराच्या कडेला दीड फूट खड्डा घेतला. तळाशी पाणी पाझरलं, मातीला आंबूस वास. तंतुमुळी चिमटीत धरून ओढली की साल मोज्यासारखी निसटून यायची आणि मागे दोऱ्याएवढा गाभा उरायचा. ही फायटोफ्थोरा बुरशीची मूळकूज.

मुळीलाही श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू सरकतो. तो मिळाला नाही तर मुळी अन्न ओढूच शकत नाही. त्यात ओल्या चुनखडीत बायकार्बोनेट साठून लोह आणखी अडतं, आणि युरियातलं नत्र वायू होऊन उडून जातं. म्हणून युरिया बंद करायला सांगितला.

पहिलं काम चराचं. दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने 2 फूट खोल, 1 फूट रुंद चर काढून पाणी बांधाबाहेर सोडलं. खोडाला लागलेली माती मागे ओढली. जिथे डिंक दिसला तिथली कुजकी साल धारदार चाकूने खरवडून 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो पेस्ट लावली. लोहाची फवारणी वापसा आल्यावरच, म्हणजे जादा पाणी निचरून माती नुसती ओलसर राहिल्यावर: 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 25 ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळे विरघळवून, गाळून, मग एकत्र. ऊन उतरल्यावर मारायची.

नवी पालवी हिरवी आली. मात्र ज्या झाडांची साल बुंध्याभोवती पूर्ण कुजली होती ती वाचली नाहीत; ती मुळासकट काढावी लागली. त्या जागी रंगपूर लिंबाच्या खुंटावरची (खालच्या मुळाच्या झाडावर बांधलेली) कलमं लावायची ठरली, कारण जंबेरीच्या खुंटापेक्षा तो या बुरशीला आणि चुनखडीला बरा टिकतो. कलमाचा डोळा, म्हणजे जिथे कलम जोडलंय ती जागा, जमिनीपासून वीतभर वर राहील, हे खड्डा भरतानाच बघायचं.