ऑफिस टाइम

आमची गॅलरी पश्चिमेची. एप्रिल लागला की तिथे मोगरा सोडून कुणी तग धरत नाही. शेवंतीचा बाजार कधीच उठलेला, पिटुनियाने मान टाकलेली. तेव्हा शेजारच्या काकूंनी ऑफिस टाइम नावाच्या फुलझाडाच्या चार काड्या हातात ठेवल्या. "टोच कुठेही, लागतं ते." लागलंही. मूळ दक्षिण अमेरिकेतलं असलं, तरी आपल्या घोळाच्या भाजीचं सख्खं भावंडच. पानं तशीच मांसल, पाणी साठवून ठेवणारी.

नावातच मेख होती. मी साडेआठला घर सोडायची, फुलं नऊ-दहाला उघडायची आणि दुपार कलली की मिटायची. एका फुलाचं आयुष्य एका दिवसाचं. संध्याकाळी माझ्या वाट्याला नुसत्या पिळलेल्या चिंध्या! आई फोनवर सांगायची, "आज बावीस होती हं, राणी रंगाची तर नुसती लूट." रविवारी बघावं, तर मी उठेपर्यंत कडक ऊन.

शिवाय खालच्या मजल्यावर पाणी गळतं म्हणून कुंड्यांखाली बशा ठेवल्या आणि रोज भरभरून पाणी घातलं. आठवड्यात देठं काळी पडून लिबलिबीत झाली. प्रेमाने मेलं बिचारं. पुन्हा काड्या, या वेळी रेती जास्त घालून. बशा रिकाम्या करायच्या आणि माती सुकल्यावरच पाणी.

2020च्या उन्हाळ्यात सगळेच घरी बसलो, तेव्हा कुठे ही फुलं निवांत बघितली. पिवळी, केशरी, पांढरी, राणी. काडीने मधले पुंकेसर हलकेच हलवले, तर ते शिवलेल्या बाजूलाच कलले! मग एक मधमाशी आत शिरली, तिच्याभोवतीही तेच. तिच्या अंगाला पराग फासायची ही युक्ती. व्हिडिओ मीटिंगमध्ये मी काय बोलले, देव जाणे.

पुढे ऑफिस सुरू झालं, तेव्हा चार काड्या ओल्या कागदात गुंडाळून नेल्या. चहाच्या मगमध्ये लावून खिडकीत ठेवल्या. खिडकी उत्तरेची, काच काळी, वर एसी. हिरव्या दोऱ्यांसारख्या लांबच लांब वाढल्या त्या. वर्षभर रोज साडेनऊला पंच करून आधी त्यांच्याकडे बघायचे.

ऑफिसात ऑफिस टाइम एकदाही फुललं नाही.