रिकाम्या मागावरचं कापड

७ एप्रिल

१८३७ साली आजच्याच तारखेला कोपनहेगनमध्ये हान्स क्रिश्चन अँडरसनची एक लहानशी पुस्तिका निघाली. तिच्यात गोष्टी दोनच होत्या: जलपरीची आणि सम्राटाच्या नव्या कपड्यांची. दुसरी आपल्याकडे ‘राजाचे नवे कपडे’ म्हणून घरोघरी माहीत आहे. आज ती सावकाश वाचली, आणि पुन्हा पटलं की गर्विष्ठ राजाची फजिती एवढ्यावर या गोष्टीची बोळवण करणं अन्यायाचं आहे. राजाची हौस ठकांना दार उघडून देते, एवढंच. आतलं सगळं काम भीती करते.

हौस अँडरसन दोन-तीन वाक्यांत उरकतो. दिवसाच्या प्रत्येक तासाला वेगळा अंगरखा. इतर राजे दरबारात बसलेले असतात, हा कपड्यांच्या खोलीत असतो. मग दोन ठक येतात आणि आपण विणकर आहोत म्हणून सांगतात. त्यांच्या कापडाचा गुण असा की जो आपल्या हुद्द्याला लायक नाही किंवा अक्षम्य मूर्ख आहे, त्याला ते दिसतच नाही. सगळी गोष्ट या अटीवर उभी आहे, कारण ‘मला दिसत नाही’ असं म्हणणारा स्वतःच्याच तोंडाने स्वतःला नालायक ठरवतो. सम्राटालाही कापडाइतकाच या अटीचा मोह पडतो. असे कपडे अंगावर असले की कोण कामाचा आणि कोण बिनकामाचा हे आपोआप कळेल, असा त्याचा हिशेब असतो. म्हणून तो आगाऊ पैसे देतो. ठक दोन माग मांडतात, उंची रेशीम आणि सोन्याची जर मागून घेतात, ती आपल्या पिशवीत घालतात आणि रिकाम्या मागांवर रात्री उशिरापर्यंत राबत राहतात.

सांगणारे घाई करतात ती इथून पुढे, आणि गोष्टीचा खरा ऐवज तर इथेच आहे. सम्राटाला स्वतः जायला धीर होत नाही, म्हणून तो म्हाताऱ्या प्रधानाला पाठवतो. हा प्रधान प्रामाणिक आहे, असं अँडरसन मुद्दाम म्हणतो. त्याला लबाड किंवा लाळघोट्या करून टाकला की गोष्ट तिथेच मेली. तो डोळे फाडून बघतो, काही दिसत नाही, आणि मनात म्हणतो: मी मूर्ख असेन? हे कुणाला कळता कामा नये. मग ठक कापडाचे रंग आणि नक्षी तपशिलात सांगतात आणि प्रधान ते लक्ष देऊन ऐकतो, सम्राटापुढे तसंच्या तसं सांगता यावं म्हणून. खोटं ठकांचं, पण दरबारात ते पोहोचतं एका सचोटीच्या माणसाच्या तोंडून, तपशिलासकट. लगेच ठकांची पुढची मागणी येते: आणखी पैसे, आणखी रेशीम, आणखी सोनं.

दुसरा अधिकारीही भला माणूस. त्याचा विचार मात्र निराळा: मी मूर्ख तर नाही, म्हणजे माझ्या चांगल्या जागेला मी लायक नसेन. अटीचे दोन भाग आहेत ते याचसाठी. एकातून सुटणारा दुसऱ्यात अडकतो. मराठीत सांगताना बरेचदा ‘फक्त शहाण्यालाच दिसणारं कापड’ एवढंच उरतं, नोकरीची भीती गळून पडते आणि दुसऱ्या अधिकाऱ्याची फेरी उगाच पुनरावृत्ती वाटू लागते. तिसऱ्या फेरीला सम्राट स्वतः जातो तेव्हा हे दोघे अगोदर बोलून बसलेले असतात. त्यामुळे तीन फेऱ्या तीनच ठेवाव्यात, याच क्रमाने.

अँडरसनने ही कल्पना जर्मन भाषांतरातून वाचलेल्या एका स्पॅनिश कथेवरून घेतली. हुआन मान्वेल या स्पॅनिश सरदाराच्या १३३५ साली पूर्ण झालेल्या ‘काउंट लुकानोर’ या कथासंग्रहात ती आहे. तिथे ठक तीन आहेत, आणि आपण ज्याला बाप समजतो त्याचाच जो मुलगा नसेल त्याला कापड दिसत नाही. म्हणजे भीती वारसा जाण्याची. खरं बोलतो तो घोडे सांभाळणारा नोकर, ज्याला गमावण्यासारखा वारसाच नाही. अँडरसनने अट जन्मावरून हुद्द्यावर आणली आणि नोकराच्या जागी लहान मूल आणलं. हे मूलही आधी नव्हतं. हस्तलिखितात लोक कपड्यांची तारीफ करतात तिथेच गोष्ट संपत होती. मजकूर छापायला गेल्यावर त्याने शेवट बदलला.

त्या मुलाला शूर किंवा चतुर करू नये. त्याला हुद्दा नाही, म्हणून भीतीही नाही. ‘त्याच्या अंगावर काहीच नाही!’ हे वाक्य साध्या आवाजात म्हणावं. बाप म्हणतो, ऐका या निरागसाचा आवाज. मग कुजबुज पसरते आणि शेवटी सगळे ओरडतात. इथे मुलं खिदळणारच, त्यांना खिदळू द्यावं. नंतरची वाक्यं मात्र गाळू नयेत. सम्राटाला लोकांचं खरं वाटतं, तो शहारतो, पण मिरवणूक पुरी करायलाच हवी म्हणून आणखी ताठ चालू लागतो, आणि सेवक अंगरख्याचा नसलेला घोळ उचलून मागून चालत राहतात. ठकांना तुरुंगात टाकणं, राजाने माफी मागणं हे नंतरच्यांनी जोडलेलं. अँडरसनच्या ठकांना शिक्षा होत नाही. उलट त्यांना पदक आणि किताब आधीच मिळालेला असतो.

आपल्याकडचा धागा तर याहून जुना आहे. जिनरत्नाच्या १२८३ च्या ‘लीलावतीसार’ या जैन ग्रंथात हस्तिनापूरचा धन नावाचा व्यापारी श्रावस्तीच्या राजाला असंच वस्त्र देतो: अनौरस माणसाला ते दिसतही नाही, हातालाही लागत नाही. दरबार वाहवा करतो. राजा नगरात निघाल्यावर लोक विचारतात, महाराज, आपण दिगंबर साधू झालात का? राजाला फसवणूक कळते, पण धन केव्हाच पळालेला असतो.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ सांगाव्यात. श्रावस्तीचे लोक भाबडेपणाने प्रश्न विचारतात, राजा तो ऐकून भानावर येतो. कोपनहेगनच्या गोष्टीत सगळं शहर ओरडतं तरी राजा थांबत नाही. असं का, हे मुलांनाच विचारावं आणि उत्तराची घाई करू नये. बहुतेक मुलं राजाबद्दल बोलू लागतील. तेव्हा त्यांना प्रधानाकडे वळवावं: त्याने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर त्याचं काय झालं असतं?