जुन्या रॅलीच्या गाड्यांचे पार्ट : उद्यमनगरातली आमची वाटचाल

ज्या गाड्यांचे पार्ट कंपनीनं केव्हाच बंद केले, ते आम्ही शोधतो. सापडत नाहीत ते बनवतो. त्यातही आमचा जीव रॅलीत पळालेल्या आणि अजून पळणाऱ्या गाड्यांत. प्रीमियर पद्मिनी, प्रीमियर ११८ एनई, सुरुवातीची अरुंद एक्सलची जिप्सी, आणि गेल्या काही वर्षांत परदेशातल्या फियाट ११०० सुद्धा. ग्राहक नेहमी विचारतात, कोल्हापुरात बसून तुम्ही या धंद्यात आलात कसे? म्हणून हे लिहितोय.

वर्कशॉप आबांचं. शिवाजी उद्यमनगरात त्यांनी एक लेथ आणि एक बोअरिंग मशीन घेऊन सुरुवात केली, ती शेतातल्या ऑइल इंजिनांच्या कामावर. ऊस आणि नदीचं पाणी असलेल्या या जिल्ह्यात इंजिन दुरुस्त करणारा माणूस उपाशी राहत नाही. उद्यमनगरचा मोठेपणा असा की एका गल्लीत पॅटर्नवाला (ओतकामाचा लाकडी नमुना करणारा), दुसरीत फौंड्री, तिसरीत ग्राइंडिंग. सकाळी डोक्यात आलेली वस्तू चार दिवसांत हातात येते. म्हादबा मिस्त्रींसारख्या माणसांनी या गावाला लावलेलं हे वळण आहे आणि आमचा सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे.

डॉक्टरांच्या, वकिलांच्या, साखर कारखान्याच्या साहेबांच्या फियाट आबांकडं यायला लागल्या त्या बोअर मारायला आणि क्रँक ग्राइंड करायला. आबांचा एक नियम होता: गाडीतून काढलेला पार्ट फेकायचा नाही. त्याला तार बांधायची, पत्र्याच्या चिठ्ठीवर पंचनं गाडीचं मॉडेल आणि माप मारायचं, माळ्यावर टाकायचा. त्या माळ्यावर आम्ही नंतर धंदा उभा केला.

रॅलीचं वेड आम्हा दोघा भावांचं. १९८० ते १९९० या काळात हिमालयन रॅली व्हायची, तिचे फोटो आम्ही वर्तमानपत्रातून कापून ठेवायचो. दक्षिणेत कोईमतूर, बेंगळुरू, केरळ इथं रॅलीचं वातावरण कितीतरी जुनं. तिकडूनच आम्हाला आमची ११८ एनई मिळाली. एका शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) तशीच, इंजिनखाली जाड गार्ड आणि त्या गार्डवर दगडांचे घाव. डॅशबोर्डवर सहचालकासमोर दोन ब्रॅकेट आणि एक रिकामी चौकट. तिथं काय होतं ते पुढं सांगतो.

ही गाडी समजून घेतली पाहिजे, कारण आमचं सगळं शिक्षण तिच्यावर झालं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियरनं १९८५ मध्ये ती बाजारात आणली. अंग स्पेनच्या सेआट १२४ चं, म्हणजे मुळात इटलीच्या फियाट १२४ चं. इंजिन मात्र जपानी, निसानचं ए-१२: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७०, ११७१ सीसी. छोटं, दणकट, पाच मेन बेअरिंगवर फिरणारं आणि वरपर्यंत मोकळं पळणारं. रॅलीवाल्यांना ते का आवडलं हे एकदा चालवून बघितल्यावर कळतं.

पार्ट शोधायला आम्ही सगळे जातात तिथंच गेलो. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचं काश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट. काउंटरवर गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार मान हलवायचा. ‘बंद झाली ती.’ पद्मिनीचं तरी काहीतरी मिळायचं, ११८ एनईचं नाव काढलं की विषय संपायचा.

इथं आमच्या धंद्याला दिशा मिळाली. गाडीचं नाव घेऊन फिरायचं आम्ही सोडलं आणि वेगळा प्रश्न धरला: हा पार्ट जगात आणखी कुठल्या गाडीत होता आणि ती गाडी कुठं सगळ्यात उशिरापर्यंत बनत राहिली?

उत्तरं पाहून आम्ही थक्क झालो. ए-१२ इंजिन १९७० च्या डॅटसन १२०० मधलं. त्याच गाडीच्या घराण्यातला छोटा पिकअप, निसान १४००, दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळच्या रॉसलिनच्या कारखान्यात २००८ पर्यंत बनत होता. तिकडं तो गल्लोगल्ली दिसतो. इंजिन ए-१४, बोअर ७६, ब्लॉक उंच. त्यामुळं पिस्टन आपल्याला चालत नाही, पण इंजिन घराण्यातलंच असल्यानं इतर बरंच जुळतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये डॅटसन १२०० वर जीव टाकणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडं ए-१२ चं सामान आजही मिळतं. फियाट १२४ रशियात व्होल्गाकाठच्या तोग्लियात्तीला १९७० मध्ये लाडा होऊन गेली आणि तिचा वंश २०१२ पर्यंत चालला. रशियनांनी इंजिन बदललं, सस्पेन्शन खराब रस्त्यांसाठी मजबूत केलं, मागं डिस्कऐवजी ड्रम ब्रेक घातले. दिसायला सारखं म्हणून मागवलं आणि बसलं असं होत नाही. काय जसंच्या तसं बसतं, कशाला एक-दोन मिमी घासावं लागतं आणि कशाच्या नादाला लागू नये, याच्या वह्या आम्ही भरल्या आहेत. त्या वह्या म्हणजे आमच्या दुकानातला सगळ्यात महागडा माल.

हाच नियम जगभर लागतो. १९६८ ची लंडन–सिडनी मॅरेथॉन घ्या. त्या गाड्या लंडनहून निघून काबूल, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि तिथून बोटीत चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. जिंकली अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर. इंग्लंडमध्ये ती गाडी सत्तरच्या दशकात संपली; इराणमध्ये मात्र ‘पेकान’ नावानं २००५ पर्यंत तयार होत राहिली.

आणि मग आमच्या ध्यानात आलं की आपण स्वतः असाच एक देश आहोत. फियाट ११००/१०३ इटलीत १९५३ मध्ये आली. १०८९ सीसी, बोअर ६८, स्ट्रोक ७५. आपल्या पद्मिनीचं इंजिन हेच. इटलीत ११०० साठच्या दशकातच संपली, कुर्ल्याच्या कारखान्यात ती या शतकाच्या उंबऱ्यापर्यंत बनली. मिले मिलिया ही इटलीची शर्यत १९२७ ते १९५७ या काळात व्हायची. आता तिथं वेळेच्या अचूकतेची, म्हणजे ठरलेल्या वेळेला टप्पे गाठायची, रॅली होते आणि त्या काळात जे मॉडेल धावलं तेच तिच्यात घेतात. ११००/१०३ त्यात बसते. म्हणजे इटलीतल्या ब्रेशियाच्या रस्त्यावर पळणाऱ्या गाडीला लागणारा पार्ट आमच्या माळ्यावर तार बांधून पडलेला असू शकतो! पहिलं पार्सल इटलीला गेलं तेव्हा आबा होते. त्यांनी खोक्यात ठेवायच्या आधी प्रत्येक नगाचं माप स्वतः मायक्रोमीटरनं पुन्हा घेतलं.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी भंगारात जाऊ लागल्या तो काळ आमच्यासाठी खरेदीचा होता आणि तितकाच जिवाला लागणाराही. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. त्याआधीच्या वर्षांत भंगारवाल्यांकडं आम्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्सची केसिंगं, किंगपिनचे संच निवडून घेतले.

डिफरन्शियलची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. क्राउन आणि पिनियन, म्हणजे त्यातला मोठा आणि छोटा गिअर, कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं तयार होतात आणि दोघांवर जुळणारा नंबर कोरलेला असतो. भंगारात गाडी कापली की जोडी फुटते. क्राउन एका ढिगात, पिनियन दुसऱ्यात. दातांची संख्या बरोबर आहे म्हणून परक्या क्राउनला परका पिनियन लावला तर साध्या रस्त्यावर नुसता आवाज करील, रॅलीत दगडावरून चाक उडून परत जमिनीला टेकलं की दात तोडील. म्हणून आम्ही वायर ब्रश आणि भिंग घेऊन ढिगात बसतो आणि नंबर जुळवतो. जुळला की वर्कशॉपवर आणून ब्लू (ठसा दाखवणारा निळा रंग) लावायचा, हातानं फिरवायचा, दातावर ठसा कुठं उमटतो ते बघायचं, डायल लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) बघायचा. ठसा दाताच्या मध्यावर आला तरच ती जोडी विक्रीला. बाकीच्या जोड्या कितीही मागणी असली तरी देत नाही.

पॅकबंद जुन्या मालाबद्दलही आमचं मत ठाम आहे. बंद पडलेल्या डीलरच्या गोडाऊनमधला डेड स्टॉक उघडताना आनंद होतो: मूळ खोकं, मूळ लेबल, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला लखलखीत पार्ट. लोखंडी असेल तर सोनं. रबरी असेल तर तो फक्त नमुना. ब्रेक सिलिंडरचं किट तीस वर्षं खोक्यात राहिलं की न वापरताच कडक होतं; बोटानं वाकवलं की सीलच्या ओठावर बारीक भेगा दिसतात. असं किट आम्ही कुणालाही विकत नाही, संग्रहासाठी मागितलं तरी नाही, कारण ते पुढं कुणाच्या गाडीत जाईल सांगता येत नाही.

त्यातूनच आमचं बनवण्याचं काम सुरू झालं, आणि सुरुवात अर्थातच रबरापासून. सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंटिंग, पद्मिनीच्या स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्यांचे बुश. रोजच्या गाडीला मऊ रबर, रॅलीला कडक. दोन्ही वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी ओळखू येतात. मोल्डचा खर्च मोठा आणि खप मोजका, म्हणून ग्राहक आधी पैसे एकत्र करतात आणि मग आम्ही मोल्ड काढतो. गेली कित्येक वर्षं हे नुसत्या शब्दावर चाललंय. अशा ग्राहकांबद्दल किती लिहू!

कास्टिंगचं काम त्याहून रंगतदार. ए-१२ चं थर्मोस्टॅटचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं. आपल्याकडं रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी घालायची सवय, त्यानं ते आतून खाऊन जातं. नवीन ओतायचं तर जुनाच पार्ट मातीत दाबून साचा घ्यावा असं वाटतं, पण ॲल्युमिनियम थंड होताना शंभर मिमीला सव्वा मिमीच्या आसपास आकसतं. आलेला नग लहान येतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. आमचे पॅटर्नवाले मामा आकसणाऱ्या धातूसाठी वाढीव खुणांची वेगळी पट्टी वापरतात. सागवानाचा पॅटर्न हातानं घडवतात, मशिनिंगसाठी कुठं किती मटेरियल सोडायचं ते पेन्सिलीनं त्याच्यावरच लिहितात. ‘खाल्लेल्या जागेचं माप घेऊ नको, शेजारच्या चांगल्या जागेवरून काढ,’ हे त्यांचं वाक्य आमच्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी ऐकावं लागतं.

आता त्या डॅशबोर्डवरच्या रिकाम्या चौकटीबद्दल. तिथं स्वीडनचं हाल्डा ट्विनमास्टर होतं. हाल्डा ही टॅक्सीमीटर बनवणारी कंपनी. तिचं हे यंत्र म्हणजे अंतर मोजणारे दोन काउंटर, एक पूर्ण रस्त्यासाठी आणि एक टप्प्याटप्प्यानं शून्यावर आणायचा. चालतं स्पीडोमीटरच्या केबलवर, वीज लागत नाही. वेळेच्या रॅलीत त्याच्यावर सगळं अवलंबून. चाकाचा घेर एक टक्क्यानं बदलला, म्हणजे नुसते नवीन टायर घातले, तरी चाळीस किलोमीटरला चारशे मीटरची चूक येते. ताशी चाळीसच्या सरासरीत चारशे मीटर म्हणजे छत्तीस सेकंद, आणि जिथं दंड सेकंदावर लागतो तिथं रॅली हातची गेली. म्हणून हाल्डात छोट्या गिअरची जोडी बदलता येते; टायर आणि डिफरन्शियलच्या रेशोप्रमाणं योग्य दातांची जोडी निवडायची, मोजलेल्या किलोमीटरवर गाडी चालवून खात्री करायची.

यंत्रं जुन्या बाजारात अजून मिळतात, पण गिअरच्या जोड्या हरवलेल्या असतात आणि नेमकी हवी ती जोडी कधीच मिळत नाही. हे काम आम्ही उद्यमनगरात करून घेतलं. इतके बारीक दात कापणारा माणूस शोधायलाच वेळ लागला. सापडला तो घड्याळांचे आणि मीटरचे गिअर करणारा. आज ग्राहक टायरचं माप आणि रेशो कळवतो, आम्ही दात मोजून जोडी पाठवतो. मला विचाराल तर आमच्या हातून झालेलं हे सगळ्यात देखणं काम आहे.

एका बाबतीत आम्ही जुन्याचा हट्ट धरत नाही. सीट बेल्ट, सीट, हेल्मेट, रोल केज. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या मान्यतेच्या बेल्टवर मुदत छापलेली असते, पाच वर्षांची. ती संपली की बेल्ट कितीही चांगला दिसो, बदलायचा. आमच्या ११८ एनईची मूळ केज आम्ही भिंतीवर लावून ठेवली आणि गाडीत कोल्ड ड्रॉन सीमलेस नळीची नवी बसवली, मुख्य कमान ४५ मिमी व्यासाची, अडीच मिमी जाडीची. गाडीचं जुनेपण बाकी सगळ्यात राहू दे.

२०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळाली, हे चांगलं झालं. पण ११८ एनईला तिथं पोचायला २०३५ उजाडेल. मधल्या काळात ती कागदोपत्री नुसती जुनी गाडी, आणि जुनी गाडी कापायला देणं आता सोपं झालंय. म्हणून आमची घाई आहे. सध्या मामांच्या टेबलावर ए-१२ च्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा पॅटर्न आहे. सोबत ११८ एनईच्या स्टिअरिंग बॉक्सचं ड्रॉइंग चालू आहे, आणि त्यासाठी न उघडलेला, न झिजलेला एक बॉक्स आम्हाला हवा आहे. कुणाच्या गॅरेजमध्ये, बंद डीलरच्या गोडाऊनमध्ये असेल तर जरूर कळवा. विकायचा नसेल तरी हरकत नाही. आम्ही येऊन तुमच्यासमोर उघडू, मापं घेऊ, नवीन ग्रीस भरून होता तसा बंद करून देऊ, आणि पहिल्या लॉटमधला एक नग तुमच्या घरी पोचता करू.